प्रश्न तिसरा, गुण पंधरा

माणसाचं परिवर्तन हा माझा विषय. म्हणजे पोटापाण्याचा विषय. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तीस वर्षं मी मराठी शिकवलं, आणि त्यातली वीस तरी वर्षं एकच पेपर माझ्याकडं होता: जुन्या अभिजात कादंबऱ्या आणि त्यांतला बदलणारा माणूस. दरोडेखोर असतो, तो शेवटी अनाथांना सांभाळतो. बायकोला मारणारा असतो, तो तिच्या उशाशी बसून रडतो. उर्मट जमीनदार सगळं वाटून टाकतो आणि अनवाणी निघतो. हे शिकवताना माझा गळा दाटून यायचा, खोटं कशाला सांगू. पोरी रुमाल काढायच्या. स्टाफरूममध्ये म्हणायचे, सरांचा तास म्हणजे नाद खुळा. मला ते फार आवडायचं.

माझ्या नोट्स होत्या. कॉलेजच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला त्या विकायचा. वर माझं नाव नव्हतं, पण त्या माझ्याच हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. गारगोटीपासून शिरोळपर्यंत पोरं त्याच पाठ करून परीक्षेला बसायची. त्यात एक वाक्य होतं: ‘पश्चात्तापाच्या अग्नीत जळून नायक सोन्यासारखा उजळून निघतो.’ पेपर तपासताना हे वाक्य दिसलं की माझा हात आपोआप बरोबरची खूण करायचा. स्वतःच्याच वाक्याला मार्क द्यायचे आणि वर म्हणायचं, यंदा पोरांनी बरं लिहिलंय. एवढा मी शहाणा.

निवृत्तीला सातआठ महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. तुरुंगातले काही कैदी बाहेरून बी.ए.ची परीक्षा द्यायचे. त्यांना शिकवायला तिथं एक गुरुजी होते, मऊ बोलणारे, कुणाच्याही अध्यात ना मध्यात. त्यांनी जानेवारीत मला बोलावलं. म्हणाले, ‘सर, आमच्या लोकांना परिवर्तनावर सांगा. त्यांच्या उपयोगाचं आहे.’ मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. आधी जेलचे एक साहेब दोन मिनिटं बोलले. जो पदवी घेईल त्याला सजेत काही महिन्यांची सूट मिळते, तेव्हा अभ्यास करा, असं त्यांनी बजावलं. मग मी उठलो आणि तासभर बोललो. ज्यानं रागाच्या भरात खून केला आणि पुढं आयुष्यभर दुसऱ्यांचे अश्रू पुसले, अशा एका नायकाची गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. कैद्यांच्या टाळ्या, म्हणजे मला अजूनच भारी वाटलं.

शेवटी मागच्या रांगेतून एक जण उठला. चाळिशीचा असेल. खांदे रुंद, दोन्ही हात काखेत घातलेले.

‘सर, एक इचारू?’

‘विचारा की.’

‘त्यो ज्याला मारतो, त्याच्या आईचं पुढं काय हुतं?’

तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता. त्या कादंबरीत मेलेल्याला आई होती की नव्हती हेही आठवेना. पण मी प्राध्यापक. ‘माहीत नाही’ म्हणायची जीभच नाही आम्हाला. म्हणालो, ‘अहो, कादंबरीत सगळ्यांचं कसं येणार? आता तिच्यावर तुम्हीच लिहा एखादी!’ पुढच्या रांगा हसल्या. साहेबही हसले. तो ‘व्हय’ म्हणाला आणि खाली बसला.

मे महिन्यात पेपर तपासायला आम्हा सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवत. उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, नुसता नंबर, तोही झाकलेला. गठ्ठे यायचे, लाल पेनं चालायची, अकरा वाजता ताक यायचं. एकेका टेबलावर चौघं. माझ्या टेबलावर दोन नवी पोरं होती, नुकती नोकरीला लागलेली, आणि मी त्यांना अधूनमधून उत्तरांतले विनोद वाचून दाखवत होतो. तपासणारे सगळेच करतात. वेळ जातो.

प्रश्न तिसरा होता, गुण पंधरा: अभिजात कादंबरीतील नायकाच्या परिवर्तनाची चर्चा करा. एक उत्तर बोलल्यासारखं लिहिलेलं दिसलं, म्हणून मी म्हटलं, ‘ऐका, ऐका, काय दिवे लावलेत बघा,’ आणि मोठ्यानं वाचायला लागलो. ‘नोट्समधी लिवलंय की पश्चात्तापाच्या आगीत माणूस उजळून निघतो. हे ज्यानं लिवलंय त्यानं लांबनं धूर बघितला असंल.’

नव्या पोरांतला एक फिस्सकन हसला. ‘सर, हे वाक्य तुमचंच की! म्हणजे धूर बघणारे तुम्हीच!’ शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, काय झालं, काय झालं, आणि त्यानं पुन्हा सांगितलं. हॉलभर खसखस पिकली. माझे कान तापले. मीही हसलो, पण ते हसू मलाच कळत होतं कसलं होतं ते.

मग पुढचं मनात वाचलं.

‘मी रानाच्या पाण्याच्या पाळीवरनं सख्ख्या भावाच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला. त्या दिवशी पाळी त्याचीच हुती, मला म्हाईत हुतं. आठ वर्सं झाली, मी उजळलो न्हाय. सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाय म्हणत्यात. माझा पीळ मला रोज दिसतो. हितं नळावर कुणी माझ्या आधी बादली लावली तरी हात शिवशिवत्यात. मग मी हात काखंत घालून हुबा ऱ्हातो. बदल म्हणशीला तर एवढाच. गोष्टीत नायकाला सगळी माफ करत्यात. मला कुणी करायचं? माझी आई ती त्याची बी आई. मी रजेवर गेलतो तवा तिनं दार उघडलं न्हाय. आता बहिणीकडनं निरोप धाडलाय, रजेच्या मुदतीवर आलेल्याला मी बघणार न्हाय, सुटून आलास की उंबऱ्यापाशी ये, मला कायतरी इचारायचं हाय. काय इचारणार ठाऊक न्हाय. तेवढ्यासाठी ही परीक्षा देतोय. पास झालो तर गणपतीच्या आत सुटंन.’

हे सगळं मी वाचलं. नीट वाचलं, दोनदा. कोण लिहितोय तेही ओळखलं. पुढं कुणी विचारलंच तर ‘घाईत नजरेखालून गेलं’ असं सांगायची तयारी मी कितीदा मनात केली, पण ते खोटं आहे.

एक नियम असतो. परीक्षार्थीनं उत्तरपत्रिकेत स्वतःची ओळख पटेल असं काही लिहू नये. लिहिलं तर तो गैरप्रकार. नियम कशासाठी, तर कुणी नाव, फोन नंबर लिहून मार्कांची भीक मागू नये म्हणून. सगळ्या नोकरीत मी तो एकदाही वापरला नव्हता. पोरं पानाच्या शेवटी ‘सर पास करा, लग्न ठरलंय’ असं लिहायची, तरी नव्हता. त्या दिवशी मी फॉर्म मागवला.

आमच्या मुख्य तपासनीस शिरोळच्या एक बाई होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी उत्तर वाचलं आणि म्हणाल्या, ‘सर, ओळख म्हणजे नाव, गाव, नंबर. इथं कुठाय? पोटातलं लिहिलंय बिचाऱ्यानं. मी असते तर बारा दिले असते.’

‘उद्या प्रत्येक जण आपलं रडगाणं लिहील. नियम म्हणजे नियम.’

‘सर, तुम्ही रागावलाय.’

‘मी रागावलेलो नाही!’ मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की ताकवाला थांबला. मग शेरा लिहिला, ‘परीक्षार्थीने ओळख उघड केली आहे’, आणि खाली सही ठोकली. घरी गेलो, आंघोळ केली, आणि रविवारचा राहिलेला तांबडा रस्सा भाकरीबरोबर ओरपला. झोपसुद्धा छान लागली. काहीच वाटलं नाही मला, हेच आता सगळ्यात जास्त खातंय.

जुलैत निकाल लागले. चार दिवसांनी गुरुजींचा फोन आला.

‘सर, आमच्या एकाचा निकाल राखीव ठेवलाय. कुणीतरी रिपोर्ट केलाय म्हणे. आता कमिटी बसणार, कधी बसेल देव जाणे. तुमच्या ओळखी आहेत, जरा शब्द टाकला तर…’

‘बघतो.’

‘तो तुमचंच नाव काढतो सर. म्हणतो, ते आले होते ना, त्यांना विचारा, माझं काय चुकलं.’

‘बघतो म्हटलं ना गुरुजी!’

करायला काय लागत होतं? तीन ओळींचं पत्र. ‘सदर शेरा माझ्याकडून चुकून दिला गेला, तो मागे घेत आहे.’ लेटरहेड काढलं, पेनाचं टोपण काढलं, ‘सदर शेरा’ एवढं लिहिलं. पुढं हात जाईना. हे पत्र त्या नव्या पोरांच्या कानावर जाणार. बाईंच्याही. म्हणणार, आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. माझा निवृत्तीचा सत्कार तोंडावर आलेला, पत्रिका छापून झालेली. कशाला आता, असं मी स्वतःला म्हटलं, आणि कागद चुरगाळून टाकला. कमिटी बघेल की. कमिटीला काय डोळे नाहीत?

गणपती आले आणि गेले. गुरुजी दर आठवड्याला फोन करायचे, मी उचलायचो आणि ‘चाललंय’ म्हणायचो. काहीही चाललं नव्हतं. सत्कार झाला. मी परिवर्तनावर पाऊण तास बोललो, लोकांनी डोळे पुसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या आईच्या तोंडात कायम असायची. ती त्या दिवशी हयात नव्हती ते बरंच झालं.

नवरात्रात गुरुजींचा फोन आला, तेव्हा आवाज वेगळा होता.

‘सर, आता शब्द टाकू नका. त्याची आई गेली.’

ते सांगत राहिले. रजेचा अर्ज केला होता, पण कागद हातात पडेपर्यंत रक्षाविसर्जनसुद्धा होऊन गेलं होतं. तो गेलाच नाही मग. म्हणाला, आता कुणाच्या उंबऱ्यापाशी जाऊ?

त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. ऐकून म्हणाली, ‘जाऊन सांगा त्याला. जेल काय दिल्लीला नाही.’

‘सांगून काय होणार? म्हातारी परत येणार आहे?’

‘त्याला कळेल तरी कुणामुळं झालं ते.’

मी चिडलो. तुला परीक्षेचं काय कळतंय, नियमाचं काय कळतंय, म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा. ती उठून आत गेली.

कमिटी फेब्रुवारीत बसली. एका वाक्यात निकाल दिला, गैरप्रकार आढळला नाही. म्हणजे शिरोळच्या बाई जे ताक पिता पिता म्हणाल्या होत्या तेच. तो पास झाला, जी काय सूट उरली होती ती मिळाली, आणि पाडव्यानंतर सुटला. मला हे गुरुजींनी कळवलं. मी ‘छान, छान’ म्हणालो.

मेमध्ये एका सोमवारी सकाळी दाराची कडी वाजली. बायकोनं उघडलं आणि आत येऊन म्हणाली, ‘पावणं आलेत. तुमचे.’ तिच्या तोंडावरूनच मला कळलं.

पांढरा शर्ट, हातात तांदळाची पिशवी. ‘आमच्या रानातला हाय सर. भावाच्या पोरानं पिकवलाय,’ म्हणाला. पाया पडायला वाकला. मी मागं सरकलो तरी पडलाच.

‘बसा. बसा की,’ मी म्हणालो. ‘आईचं कळलं. वाईट झालं.’

‘व्हय.’ तो खुर्चीच्या कडेवर बसला. ‘बहीण म्हणती, शेवटी शेवटी दाराकडं बघत हुती. माझ्यासाठी असंल असं न्हाय. म्हातारी माणसं बघत्यात तशी. काय इचारणार हुती ते बहिणीला बी बोलली न्हाय.’

पंखा फिरत होता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे बायको ऐकत होती.

‘सर, एक इचारायचं हुतं. त्या तिसऱ्या प्रश्नात माझं चुकलं काय? मला कुणी सांगंना. मी आपला इचार करत बसतो. भावाचं मरण मी मार्कासाठी लिवलं ना, ते चुकलं असणार. इकलंच म्हणायचं मी त्याला. आईला ते कुठनं तरी कळलं असंल, म्हणून ती थांबली न्हाय. असं मनात येतं बघा. झोप लागत न्हाय.’

त्याच्या भावाला त्यानं मारलं होतं, ते त्यानं कागदावर लिहून दिलं होतं, नाव गाव न सांगता, पण सगळं. आणि जिच्यावर मी आयुष्यभर टाळ्या घेत व्याख्यानं दिली, ती कबुली माझ्या जिभेवर होती. चार शब्द होते. ‘तो रिपोर्ट मी केला.’ मी तोंडसुद्धा उघडलं.

‘अक्षर,’ मी म्हणालो.

‘अक्षर?’

‘अक्षर वाईट होतं. तपासणाऱ्याला वाचता आलं नसणार. घरचं लिहिलं त्यात काही चूक नाही.’

त्याचा चेहरा बदलला. आधी तो बघतच राहिला. मग हातानं डोळे पुसले, आणि हसला. ‘एवढंच व्हय! आन् मी म्हणतोय आईनं…’ त्यानं तांदळाची पिशवी उगाच भिंतीकडं सरकवली. ‘एवढंच असंल तर काय, अक्षर सुधरायला कितीसा येळ लागतोय, सर!’

बायकोनं चहाचे कप आणले आणि माझा माझ्यापुढं असा आपटला की चहा बशीत सांडला. तो गेल्यावर तिनं दार लावलं. ‘तुम्हाला लाज वाटत नाही का हो?’

‘वाटते.’

‘मग ती कुठं ठेवता?’

मी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

पुढच्या सोमवारी तो पुन्हा आला. सोमवारी त्याचं कोल्हापुरात काम असतं, पेंड वगैरे न्यायला येतो. हातात शंभरपानी वही. म्हणाला, रोज धार काढून झाली की एक पान लिवतो, तुमी बघा. मी चष्मा लावला. रोजचंच काहीबाही लिहिलं होतं. आज म्हशीनं तीन लिटर दिलं. आज पुतण्या बोलला. आज पाळी माझी हुती पण शेजाऱ्याचं रोप वाळत हुतं म्हणून त्याला आधी सोडलं. मी लाल पेन घेतलं आणि कुठली अक्षरं अंगावर आलीत, कुठली ओळ चढलीय ते दाखवायला लागलो. तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. पानाखाली मी ‘छान’ लिहिलं.

तेव्हापासून तो दर सोमवारी येतो. अक्षर खरंच सुधारलंय. माझ्या कॉलेजच्या पोरांचंसुद्धा एवढं सुधारलं नाही कधी. कोणी वाचून म्हणेल, आता लिहून टाकलंत, झालात मोकळे. तसलं काही झालेलं नाही. कागदावर लिहिणं मला कधीच जड गेलं नाही. जड त्याच्या तोंडाकडं बघून सांगणं आहे.

गेल्या सोमवारी वही मिटता मिटता त्यानं विचारलं, ‘सर, आता ह्या अक्षरात तेच उत्तर लिवलं असतं, तर वेळेत पास केलं असतं का ओ त्या सरांनी?’

‘केलं असतं,’ मी म्हणालो.

तो खूश होऊन गेला. आज रविवार. बायकोनं बजावलंय, उद्या तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगणार. मी तिला म्हटलं, तू नको, मीच सांगतो. गेल्या रविवारीही मी हेच म्हणालो होतो.